लिओ सिलार्ड : मौनाचा आग्रह धरणारे शास्त्रज्ञ

वाचकहो, विद्या वाटल्याने वाढते असे आम्ही शिक्षक वर्गात नेहमी सांगतो आणि ते खोटे नाही. विज्ञानाची तर सारी इमारतच या तत्त्वावर उभी आहे. एका देशात प्रयोग झाला की थोड्याच दिवसांत तो दुसऱ्या देशात वाचला जावा, तपासला जावा, त्यातील चूक कोणीतरी दाखवून द्यावी, अशी विद्यापीठांची जुनी रीत. असे असताना १९३९ साली एक शास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांच्या मागे लागला होता की, बाबांनो, तुमचे शोध छापू नका. कोणत्याही सरकारने त्याला हे काम सांगितले नव्हते. खिशात पैसा नाही, हाती कायमची नोकरी नाही, मुक्काम हॉटेलच्या खोलीत. या माणसाचे नाव लिओ सिलार्ड.

त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८९८ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावे लागले. पुढे ते बर्लिनला आले आणि मॅक्स फॉन लाऊ यांच्या हाताखाली १९२२ साली डॉक्टर झाले. आइन्स्टाइन यांच्याशी त्यांचा चांगला स्नेह जमला. दोघांनी मिळून घरगुती शीतकपाटाची पेटंटे घेतली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

१९३३ च्या आरंभी हिटलर सत्तेवर आला. सिलार्ड यांनी सामान आधीच बांधून ठेवले होते. मार्चअखेरीस ते आगगाडीने व्हिएन्नाला गेले. त्या दिवशी गाडी जवळजवळ रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तीच गाडी खच्चून भरली व सरहद्दीवर तिची झडती झाली. एका दिवसाचे अंतर माणसाच्या आयुष्यात केवढे असू शकते, हे त्यांनी तेव्हा पाहिले. लंडनला पोहोचल्यावर, जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या अध्यापकांना मदत करणारी समिती उभी राहावी म्हणून त्यांनी स्वतःची भाकरी शोधण्याआधी खटपट केली.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लंडनच्या एका रस्त्यावर चालता चालता त्यांच्या मनात तो विचार आला. एका अणूवर न्यूट्रॉन आदळला, अणू फुटला आणि त्यातून दोन न्यूट्रॉन बाहेर पडले, तर ते आणखी दोन अणू फोडतील, मग चार, मग आठ. या साखळीतून अफाट शक्ती मोकळी होईल. असे फुटणारे मूलद्रव्य कोणते, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हते. तरी १९३४ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ साली ते पेटंट ब्रिटिश आरमाराच्या हवाली केले. कारण एवढेच की, पेटंट मिळाले म्हणजे ते छापले जाते आणि आरमाराकडे दिले तर ते गुप्त राहते. वाचकहो, पेटंट घेऊन लोक पैसा करतात. यांनी ते बंद पेटीत राहावे म्हणून देऊन टाकले!

१९३८ साली ते अमेरिकेत गेले. १९३९ च्या जानेवारीत बातमी आली की, जर्मनीत हान व श्ट्रासमान यांनी युरेनियमचा अणू फोडला. सिलार्ड यांना आपले हरवलेले मूलद्रव्य सापडले. पण ते सापडले होते बर्लिनमध्ये, हीच तर भीती. २ फेब्रुवारीला त्यांनी पॅरिसच्या फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांना पत्र लिहिले. फुटणाऱ्या युरेनियममधून न्यूट्रॉन बाहेर पडतात असे दिसले, तर ते जाहीर न करणे बरे, असा त्याचा आशय होता. स्वतः त्यांनी दोन हजार डॉलर उसने घेऊन रेडियम भाड्याने आणले आणि ३ मार्च रोजी कोलंबिया विद्यापीठात वॉल्टर झिन यांच्याबरोबर प्रयोग केला. पडद्यावर प्रकाशाचे ठिपके चमकले. न्यूट्रॉन बाहेर पडत होते.

त्यांनी व फर्मी यांनी आपापले निबंध मासिकाकडे पाठवले, पण छपाई थांबवावी अशी विनंती केली. फर्मी यांना हे मनापासून पटले नव्हते. मुसोलिनीच्या इटलीतून ते नुकतेच सुटून आले होते आणि इथेही तोंडाला कुलूप? तरी बहुमतापुढे ते थांबले. पॅरिसमध्ये मात्र कोणी थांबले नाही. जोलिओ यांचे सहकारी कोवार्स्की यांनी ८ मार्चला आपला निबंध विमानतळावर स्वतः नेऊन इंग्लंडला धाडला आणि १८ मार्चला तो ‘नेचर’मध्ये छापून आला. तारा गेल्या, विनवण्या झाल्या. जोलिओ यांचे उत्तर नकाराचे आले. वर्तमानपत्रांत बातम्या येतच आहेत, मग आम्हीच का गप्प बसावे, हा त्यांचा मुद्दा. २२ एप्रिलला त्यांचा दुसरा निबंध आला. त्यात एका अणुभंगातून सरासरी साडेतीन न्यूट्रॉन निघतात असा आकडा होता. आकडा थोडा फुगलेला होता, पण चेतवायला पुरेसा होता. दोनच दिवसांनी, २४ एप्रिलला, हॅम्बुर्गच्या पॉल हार्टेक यांनी आपल्या सहकाऱ्यासह जर्मन युद्धखात्याला पत्र लिहून नव्या स्फोटकाची शक्यता कळवली.

जोलिओ यांना दोष देणे मला सोपे वाटत नाही. ते देशद्रोही नव्हते. पुढे जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर ते तेथेच राहून प्रतिकार चळवळीत उतरले. अणुशक्तीवर वीज निघेल, लोकांचे भले होईल, हे स्वप्न त्यांच्यापुढे होते. आणि शोध आधी कोणी लावला, हा मान मासिकात छापल्याशिवाय मिळत नाही, ही गोष्ट विद्यापीठातले लहानमोठे सारेच जाणतात. पण नऊदहा जण गप्प बसले आणि एक बोलला, तर गप्प बसणाऱ्यांच्या त्यागाचे काय उरते? शेवटी सिलार्ड आणि फर्मी यांचे निबंधही छापले गेले.

केवळ कागद थांबवून भागणार नाही, माल थांबवला पाहिजे, हेही त्यांच्या ध्यानात आले. युरेनियमचा मोठा साठा बेल्जियमच्या ताब्यातील कांगोत होता. तो जर्मनीने उचलला तर? जुलै १९३९ मध्ये सिलार्ड आइन्स्टाइन यांना भेटायला गेले ते मूळ याच काळजीने, कारण बेल्जियमच्या राजमातेशी आइन्स्टाइन यांचा परिचय होता. सिलार्ड यांना मोटार चालवता येत नव्हती, म्हणून मित्र विग्नर यांनी नेले. या भेटीतूनच रूझवेल्ट यांना लिहिलेले २ ऑगस्टचे ते प्रसिद्ध पत्र निघाले.

१९४० साली सिलार्ड यांच्या म्हणण्याला यश आले. न्यूट्रॉनची गती कमी करण्यास शुद्ध ग्राफाइट उपयोगी पडते, असे फर्मी यांच्या मापनातून दिसले. या वेळी ते मापन छापले गेले नाही, फर्मी चिडले तरीही. पुढे १९४१ साली जर्मनीत बोथे यांनी ग्राफाइट मोजले, ते पुरेसे शुद्ध नव्हते, आणि त्यांना ते निरुपयोगी वाटले. जर्मन मंडळी नॉर्वेच्या कारखान्यातील जड पाण्याच्या मागे लागली. हे अपयश एका न छापलेल्या कागदामुळेच आले असे म्हणता येणार नाही. पण तो कागद छापला असता, तर ती चूक जर्मनांना सहज कळली असती.

अमेरिकेत मग शास्त्रज्ञांनी आपण होऊन एक समिती नेमली आणि ग्रेगरी ब्राइट यांच्या पुढाकाराने मासिकांचे निबंध तपासून अडवले जाऊ लागले. ही चाळणी स्वेच्छेची होती, हे लक्षात ठेवावे. आणि मौनही बोलते, ही गंमत पाहा. १९४२ मध्ये रशियाच्या सैन्यातील तरुण शास्त्रज्ञ फ्ल्योरोव्ह यांनी वोरोनेझच्या विद्यापीठात अमेरिकन मासिके चाळली. अणुभंगावर नामवंतांचा एकही लेख नाही! हे लोक गप्प आहेत, म्हणजे बॉम्ब करीत आहेत, हे त्यांनी ताडले आणि स्टालिनला पत्र लिहिले.

युद्धात ती चाळणी लष्कराच्या हाती गेली. जनरल ग्रोव्ह्‌ज यांनी कामाचे कप्पे पाडले. एका कप्प्यातल्याने दुसऱ्या कप्प्यातल्याशी बोलायचे नाही. शिकागोत काम करणाऱ्या सिलार्ड यांना हे असह्य झाले. त्यांच्या मते अशाने काम मागे पडत होते, कारण एकाला सुचलेली गोष्ट दुसऱ्याच्या अडचणीपर्यंत पोहोचतच नव्हती. ग्रोव्ह्‌ज यांनी तर त्यांना शत्रुदेशीय म्हणून स्थानबद्ध करावे असा कागद तयार केला. युद्धमंत्री स्टिम्सन यांनी त्यावर सही केली नाही, पण गुप्त पोलीस मात्र पाळतीवर राहिले. गुप्ततेची कल्पना ज्यांनी मांडली, त्यांच्याच मागे पहारा!

१९४५ साली जर्मनी हरला. बॉम्ब जपानवर टाकू नये, निदान जपानला अटी कळवून शरणागतीची संधी द्यावी, असा अर्ज सिलार्ड यांनी लिहिला. त्यावर सुमारे सत्तर जणांनी सह्या केल्या. १७ जुलैचा तो अर्ज राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्यापर्यंत पोहोचला नाही. हिरोशिमा-नागासाकीनंतर तो छापावा असे सिलार्ड यांना वाटले, तेव्हा त्यावर गुप्त असा शिक्का बसला होता. त्या अर्जात बॉम्ब कसा करावा याचे एक अक्षरही नव्हते. त्यात फक्त सदसद्विवेकाचा प्रश्न होता. शत्रूपासून लपवायची माहिती निराळी आणि आपल्याच लोकांपासून लपवलेला वाद निराळा. मला वाटते, सिलार्ड यांच्या आयुष्याचा सगळा झगडा या दोहोंमधली रेघ कोणी मारायची, हाच होता.

युद्धानंतर अणुसंशोधन लष्कराच्या मुठीत ठेवणारे, कडक शिक्षांचे विधेयक पुढे आले. सिलार्ड यांनी वॉशिंग्टनमध्ये ठाण मांडून त्याविरुद्ध रान उठवले. ते विधेयक मागे पडले आणि १९४६ च्या कायद्याने कारभार नागरी आयोगाकडे गेला. तरी त्याही कायद्यात अणुविषयक माहिती जन्मतःच गुप्त मानली गेली. इतकी की, युद्धात खांद्याला खांदा लावणाऱ्या ब्रिटनलाही ती मिळेना.

त्यांनी पुढे अणुशास्त्र सोडून जीवशास्त्र धरले. दरवाजे किलकिले व्हायला १९५५ साल उजाडले. ऑगस्टमध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची अणुशक्ती परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते मुंबईचे डॉ. होमी भाभा. तोवर कुलपात असलेले कितीतरी आकडे निरनिराळ्या देशांनी तेथे टेबलावर मांडले आणि एकमेकांचे जुळवून पाहिले. पुष्कळसे जुळले. म्हणजे जो तो तेच गुपित वेगवेगळ्या खोलीत सांभाळत होता. त्याच वर्षी मे महिन्यात फर्मी आणि सिलार्ड यांच्या अणुभट्टीचे पेटंट प्रसिद्ध झाले. अर्ज डिसेंबर १९४४ चा होता. फर्मी आदल्या वर्षीच वारले होते.

१९६० साली सिलार्ड यांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. किरणोपचार किती व कसे द्यावेत, हे त्यांनी पत्नी डॉ. गेरट्रूड यांच्यासह स्वतः ठरवले आणि बरे झाले. त्या काळातच ते न्यूयॉर्कला ख्रुश्चेव्ह यांना भेटले. दोन वर्षांनी शस्त्रकपातीसाठी अमेरिकेत त्यांनी एक संस्था काढली. ३० मे १९६४ रोजी कॅलिफोर्नियातील ला होया येथे झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. काही महिन्यांपूर्वीच ते तेथील साल्क संस्थेत जीवशास्त्राच्या कामासाठी दाखल झाले होते.