नव्या नोकरीत चूक दाखवणारा केली

समजा, तुम्हाला नुकतीच पहिली नोकरी लागलीये. वय २३. कंपनी ज्या विमानावर तगून आहे, त्यातच खोट आहे असं तुम्हाला दिसतंय. बोलाल? मी तरी गप्प बसले असते. क्लॅरेन्स जॉन्सन, म्हणजे सगळ्यांचा केली, बोलला.

साल १९३३. कॅलिफोर्नियातली लॉकहीड कंपनी नुकतीच दिवाळखोरीतून उठली होती आणि सगळी भिस्त इलेक्ट्रा या नव्या प्रवासी विमानावर होती. त्याच्या मॉडेलची चाचणी मिशिगन विद्यापीठाच्या विंड टनेलमध्ये झाली होती, प्राध्यापकांनी ओकेही दिलेलं. केली तिथलाच विद्यार्थी, त्या चाचणीत राबलेला. हे विमान हवेत स्थिर राहणार नाही, असं त्याने चीफ इंजिनिअर हॉल हिबर्ड यांना सरळ सांगितलं. हिबर्डचं मोठेपण बघा, त्यांनी त्याला घरी नाही बसवलं. मॉडेल गाडीत घालून परत मिशिगनला धाडलं. सत्तरहून जास्त चाचण्या झाल्या, तेव्हा उपाय सापडला: शेपटीच्या मधल्या उभ्या पात्याऐवजी दोन्ही टोकांना दोन पाती.

१९४३ मध्ये अमेरिकेला घाईने जेट लढाऊ विमान हवं होतं. केलीने १८० दिवसांचा शब्द दिला. बरबँकमध्ये वेगळी शेड, मोजके इंजिनिअर, आणि ड्रॉइंग करणारे कारागिरांच्या अगदी शेजारी. पार्ट बसत नसेल तर डिझायनरने उठून जायचं, बघायचं. विमान १४३ दिवसांत तयार! हीच पुढे गाजलेली ‘स्कंक वर्क्स’. तिथे डिझाइन, बांधणी, चाचणी, खर्च सगळ्याची जबाबदारी एकाच माणसावर. रिपोर्ट कमीत कमी, पण महत्त्वाचं काम लेखी हवंच, आणि खर्चाचा हिशेब दर महिन्याला. कागद कमी म्हणजे ढिलाई नाही हां.

यू-२ हे हेरगिरीचं विमान १९५५ मध्ये साधारण आठ महिन्यांत उडालं. त्यानंतर आलं द्रवरूप हायड्रोजनवर उडणारं विमान. पैसा मंजूर, कामही सुरू. पण हायड्रोजन वजनाला हलका असला तरी जागा प्रचंड खातो. टाक्या वाढवल्या की विमान फुगतं, पल्ला मात्र फारसा वाढत नाही. हे गणित सुटत नाही म्हटल्यावर हा प्रोजेक्ट थांबवा, असं खुद्द केलीनेच हवाईदलाला सांगितलं. आता तो नवखा नव्हता, गमवायला बरंच होतं.

प्रोजेक्ट गुंडाळला गेला. टीम दुसऱ्या विमानांकडे वळली. त्यातूनच आवाजाच्या तिप्पट वेगाने जाणारं एसआर-७१ आलं, २२ डिसेंबर १९६४ ला पहिल्यांदा उडालं. केली गेला १९९० मध्ये, २१ डिसेंबरला.