ठिणगीमागची माणसे

आमच्या घरी वडिलांची एक जुनी स्कूटर होती. सकाळी ती रुसली की वडील प्लग काढत, पॉलिश पेपरने घासत, फुंकर मारत आणि पुन्हा बसवत. त्या बोटभर वस्तूत एवढे काय असते, हे कोडे मला लहानपणापासून होते. मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण त्या कोड्याचा माग काढता काढता मी रॉबर्ट बॉश या जर्मन माणसापाशी येऊन पोहोचलो.

रॉबर्टचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांत तो अकरावा. उल्मला यंत्रकामाची उमेदवारी करून १८८४ साली तो अमेरिकेला गेला, एडिसनच्या कारखान्यात राबला. परत आल्यावर १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्याने स्टुटगार्टमध्ये छोटेसे वर्कशॉप थाटले. मदतीला एक कारागीर आणि एक पोऱ्या. पहिली काही वर्षे ओढाताणीचीच गेली.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबले जाते. ते नेमक्या क्षणी पेटले, तरच चाक फिरते. त्या काळी यासाठी ज्योतीवर तापवलेली नळी वापरत. त्यात आगीचे भय. बॅटरी वापरावी, तर ती लवकर उतरे. १८८७ साली एका गिऱ्हाइकासाठी बॉशने मॅग्नेटो बनवला. चुंबकांमध्ये तारेचे वेटोळे हलवून हे यंत्र स्वतःच वीज निर्माण करी. मूळ कल्पना त्याची नव्हती. ड्यूट्झच्या इंजिनावर तसे उपकरण आधीच होते. पण ते संथ इंजिनांपुरते उपयोगी होते. १८९७ साली झेरिंगर या त्याच्या सहकाऱ्याने जड वेटोळ्याऐवजी हलकी नळी हलवण्याची युक्ती काढली आणि मॅग्नेटो वेगवान मोटारगाडीलाही चालू लागला. पुढे १९०२ साली होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग सिद्ध केला. हा होनोल्ड पूर्वी त्याच वर्कशॉपमध्ये उमेदवार होता!

म्हणजे ठिणगी पाडली इतरांनी, आणि नाव झाले बॉशचे. मग त्याचा मोठेपणा कशात? माझ्या मते, माणसे पारखण्यात आणि त्यांना जपण्यात. १९०६ साली त्याने आठ तासांचा कामाचा दिवस लागू केला. पहिल्या महायुद्धात युद्धसाहित्यावर मिळालेला नफा लोकोपयोगी कामांना दिला. १९४० साली त्याच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय स्टुटगार्टला सुरू झाले.

तरीही त्याला देव्हाऱ्यात बसवू नये. १९१३ साली त्याच्याच कारखान्यात संप झाला. हिटलरच्या राजवटीत त्याने छळ झालेल्या ज्यूंना मदत केली, राजवटीच्या विरोधकांना पाठबळ दिले. पण त्याच काळात त्याच्या कंपनीत युद्धसामग्री तयार होत होती आणि सक्तीने आणलेले मजूर राबत होते. १२ मार्च १९४२ रोजी तो निवर्तला, तेव्हा हा विरोध सुटलेला नव्हता.

चरित्र लिहिताना आपण सावल्या पुसतो आणि सहकाऱ्यांची नावे गाळतो. मित्रहो, नाशिकच्या मायको सर्कलवरून तुम्ही गेला असाल. ती मायको म्हणजे १९५१ साली बंगळूरला सुरू झालेली बॉशचीच भारतीय शाखा. पुन्हा कधी त्या वाटेने गेलात, तर बॉशबरोबर झेरिंगर आणि होनोल्ड यांचीही आठवण काढा, आणि ज्यांची नावे कुणी मोठ्याने घेत नाही, त्या मजुरांचीही.