लीलावतीतील सोन्याचा कस

सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नगराचे भास्कराचार्य शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली जन्मले. पिता महेश्वर हे ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘लीलावती’ हा त्याचाच अंकगणिताचा भाग.

ग्रहगतीचा वेध घेणाऱ्या या पंडिताने ‘लीलावती’त व्याज, धान्याच्या राशी, लाकूड कापण्याची मजुरी असे नित्य व्यवहारातील हिशेबही घेतले. सुवर्णगणित त्यांपैकीच एक. सोन्याचा कस तेव्हा ‘वर्णा’त मोजत, वर्ण जितका अधिक, तितके सोने शुद्ध. १३, १२, ११ आणि १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे घेऊन एकत्र आटवले, तर त्याचा कस किती, असा त्यांचा प्रश्न आहे. चारही वर्णांची बेरीज करून चाराने भागल्यास साडेअकरा येतात. परंतु या मिश्रणात निम्मे सोने १३ वर्णांचे आहे, हे त्या उत्तरात कोठेच दिसत नाही. म्हणून भास्कराचार्य प्रत्येक वर्णाला त्याच्या वजनाने गुणतात. १३०, ४८, २२ आणि ४० मिळून २४० होतात. एकूण २० माशांनी भागले की कस १२ ठरतो. अर्ध्या वर्णाचा हा फरक म्हणजे सोने देणाऱ्याचे नुकसान. हेच सोने शुद्ध करून १६ मासे उरले, तर २४० ला १६ ने भागून कस १५ येतो. हीण जाते, गुणाकारांची बेरीज तीच राहते. शाळेत शिकवली जाणारी भारित सरासरी ती हीच.

खड्ड्याची लांबी जागोजागी निराळी भरली, तर मात्र मापांची बेरीज करून त्यांच्या संख्येने भागावे, असे तेच सांगतात. तेथे प्रत्येक मापाचा मान सारखा. सोन्यात तो वजनाप्रमाणे. सुवर्णगणिताचा नियम श्रीधर आणि महावीर यांच्या ग्रंथांतही आढळतो. भास्कराचार्यांनी तो विद्यार्थ्याला मुखोद्गत करता येईल अशा आटोपशीर पद्यात बांधला.

११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ रचले. त्यांचे नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेखात आहे. पुढे १५४५ मध्ये कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘लीलावती’वर टीका लिहिली, तर १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेवरून फैजीने ती फारसीत नेली.