काउंटेसबाईंचा स्वयंपाक

माद्रिदच्या एखाद्या उंची तापासगृहात रात्री साडेआठला शिरलात, तर टेबल हमखास मिळेल. कारण तिथल्या हिशेबाने ती जेवायची वेळच नव्हे. वेटर तुम्हाला परदेशी म्हणून ओळखतो, हसतो आणि जाडजूड मेनूकार्ड पुढे ठेवतो. मग एकेक बशी येऊ लागते. लसणाच्या तेलात चुरचुरणारी कोळंबी, पारदर्शक कापलेले हॅम, लाकडी ताटलीत पाप्रिका भुरभुरलेले ऑक्टोपसचे काप, तळलेल्या हिरव्या मिरच्या, लाल चटकदार रश्शातले बटाटे. बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि बटाटा व मिरची या दोन्ही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या, तेव्हा या टेबलावर मराठी माणसाला अगदीच परके वाटू नये. तापा म्हणजे झाकण. वाईनच्या पेल्यात माशी पडू नये म्हणून वर पावाचा नाहीतर मांसाचा तुकडा ठेवीत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. कोणी त्याला राजेरजवाड्यांच्या कथाही जोडतात. त्या ऐकायला छान आहेत, इतकेच.

या सगळ्यात एक बशी अशी येते की ती पाहून प्रथम थोडा हिरमोड होतो. चार-सहा सोनेरी, अंगठ्यापेक्षा थोड्या जाड वळकट्या. क्रोकेता. दुधात शिजवलेल्या मैद्याच्या घट्ट सॉसमध्ये हॅमचे नाहीतर माशाचे बारीक तुकडे घालायचे, ते मिश्रण थंड करून वळायचे, अंड्यात आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळायचे. घराघरांत हा शिळ्याचा पदार्थ. काल रश्श्यात शिजलेले मांस उरले की आज त्याच्या क्रोकेता, जसे आपल्याकडे उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा. आणि आज याच क्रोकेतांसाठी मोठमोठे आचारी स्पर्धा करतात आणि गिऱ्हाईक मुकाट्याने भारी दाम मोजते.

या क्रोकेतांची बाजू शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका काउंटेसने घेतली होती. फ्रेंच क्रोकेता आकाराने अवाढव्य, टणक आणि बेंगरूळ असतात. स्पेनमध्ये येऊन त्या सुधारल्या, लहान झाल्या आणि नीट केल्या तर तोंडात विरघळतात, असा तिचा निर्वाळा होता. ही काउंटेस स्वयंपाकीण नव्हती. ती त्या काळातल्या स्पेनमधली सर्वांत गाजलेली लेखिका होती. एमिलिया पार्दो बाथान तिचे नाव. कादंबऱ्यांमधून आणि समीक्षेतून नाव कमावलेली ही बाई वयाच्या बासष्टीच्या सुमारास पाककृतींचे पुस्तक का लिहिते, हे समजून घ्यायचे तर गालिसियापर्यंत जावे लागते.

स्पेनच्या वायव्य टोकाला, अटलांटिकच्या काठी, सतत पावसाने भिजणारा हा मुलूख. मघाचा तो ऑक्टोपस आणि त्या मिरच्या तिथल्याच. ला कोरुन्या या बंदराच्या गावी 16 सप्टेंबर 1851 रोजी एमिलियाचा जन्म झाला. घर खानदानी, सुखवस्तू आणि ती एकुलती एक. वडील उदारमतवादी राजकारणी. पुरुषाला एक नीती आणि बाईला दुसरी, असे जो सांगेल तो खोटे बोलतो, ही शिकवण त्यांनी मुलीला लहानपणीच दिली. त्यांच्या ग्रंथसंग्रहात हाताला लागेल ते वाचत ती वाढली. मुलींसाठी विद्यापीठाची दारे बंदच होती, त्यामुळे जे काही शिक्षण झाले ते या कपाटांसमोर.

सोळाव्या वर्षी, 1868 मध्ये, तिचे लग्न झाले. नवरा, होसे किरोगा, कायद्याचा विद्यार्थी, तिच्याहून थोडासाच मोठा. पुढच्या वर्षी वडील संसदेवर निवडून गेले आणि सगळे कुटुंब माद्रिदला आले. नंतर युरोपचा प्रवास झाला, भाषा आल्या, तीन मुले झाली. 1876 साली एका निबंधस्पर्धेत एमिलियाबाईंनी पहिले बक्षीस मिळवले, तेव्हा त्यांच्या घरात तान्हे मूल होते. 1879 मध्ये पहिली कादंबरी आली. इथपर्यंत सगळे कौतुकाचे होते. लिहिणारी श्रीमंताघरची सून म्हणजे सतार वाजवणाऱ्या सुनेसारखीच. चार पाहुण्यांत शोभून दिसते.

पण 1882 च्या अखेरीस त्यांनी माद्रिदच्या एका वृत्तपत्रात एक लेखमाला सुरू केली. विषय होता फ्रान्समधल्या झोलाचा निसर्गवाद. माणसाचे दारिद्र्य, दारू, वासना, आनुवंशिक रोग हे सगळे कादंबरीत आले पाहिजे असे म्हणणारा झोला कॅथलिक स्पेनमध्ये सभ्य घरांत नाव घेण्याजोगा नव्हता. एमिलियाबाई स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. झोलाचा नियतीवाद त्यांनी मानला नाही, पण त्याच्या निरीक्षणाची बाजू मात्र घेतली. एका तरुण आईने हे लिहावे म्हणून गहजब झाला. नवऱ्याने लेखन थांबवायला सांगितले. त्यांनी थांबवले नाही. मग फारसा बोभाटा न करता दोघे वेगळे झाले आणि पुढेही त्यांचे संबंध बरे राहिले. त्या काळातल्या त्या नवऱ्यालाही यासाठी थोडे गुण द्यायला हवेत असे मला वाटते.

1883 मध्येच त्यांची 'ला त्रिबुना' ही कादंबरी आली. नायिका तंबाखूच्या कारखान्यात सिगार वळणारी मजूर मुलगी. ती कामाच्या जागी इतर बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, लोकशाहीवर विश्वास ठेवते आणि एका लष्करी अधिकाऱ्यावरही ठेवते, तिथे फसते. या पुस्तकासाठी बाई दोन महिने ला कोरुन्याच्या तंबाखू कारखान्यात जाऊन बसल्या, बायकांची बोली ऐकली, वास घेतले, हात पाहिले.

पण त्यांची खरी मोठी कादंबरी म्हणजे 1886 ची 'लोस पाथोस दे उयोआ'. पाथो म्हणजे गालिसियातली जमीनदाराची गढी. एक भाबडा तरुण पाद्री अशा एका पडक्या गढीवर येतो. मालक नावाचा सरदार. सत्ता कारभाऱ्याच्या हातात आणि कारभाऱ्याची मुलगी स्वयंपाकघरात. ज्याच्या हाती चूल त्याच्या हाती गढी, हे वाचकाला पहिल्या काही पानांतच कळून चुकते. त्याच स्वयंपाकघरात मोठी माणसे एका लहानग्याला गंमत म्हणून दारू पाजतात, तो प्रसंग वाचून अंगावर काटा येतो. पाककृतींचे पुस्तक नंतर आले. पण स्वयंपाकघर ही घरातली नुसती मागची खोली नव्हे, हे या बाईंनी तेव्हाच ओळखले होते.

कादंबरीकार गाल्दोस हा त्यांचा समकालीन, मित्र, आणि मित्राहून बरेच काही. त्यांना लिहिलेली बाईंची पत्रे पुढे छापली गेली. त्यांतून ही भारदस्त बाई किती थट्टेखोर आणि मोकळी होती ते दिसते. असो, त्या पत्रांवर एक वेगळा लेख होईल.

1889 मध्ये रॉयल स्पॅनिश अकादमीत त्यांना घ्यावे अशी चर्चा सुरू झाली. भाषेचा शब्दकोश करणारी ही संस्था; तिथली खुर्ची म्हणजे लेखकाचा सर्वोच्च मान. क्यूबात जन्मलेल्या हेर्त्रुदिस गोमेस दे आवेयानेदा या कवयित्रीला त्याच अकादमीने 1853 साली ती बाई आहे म्हणून नाकारले होते. एमिलियाबाईंनी काय करावे? 1873 साली वारलेल्या त्या कवयित्रीला त्यांनी जाहीर पत्रे लिहिली. जिवंत सभासदांपेक्षा मेलेली मैत्रीण अधिक समजून घेईल असे त्यांना वाटले असावे. दार उघडले नाही. 1892 मध्ये नाही, 1912 मध्येही नाही. त्या शेवटच्या खेपेला तर देशभरातून पाठिंब्याची पत्रे गेली होती. घटनेत स्त्रियांची तरतूद नाही, एवढे उत्तर पुरेसे झाले. अकादमीने पहिली स्त्री सभासद निवडली ती 1978 साली, कार्मेन कोंदे.

मधल्या काळात बाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. 1890 मध्ये वडील गेले. त्यांच्या वारशातून त्यांनी एक मासिक काढले आणि 1891 ते 1893 अशी तीन वर्षे ते एकटीने लिहिले: कथा, परीक्षणे, राजकारण, सगळे. संपादक त्या, लेखक त्या, तोटा सोसणाऱ्याही त्याच. 1892 च्या शिक्षण परिषदेत मुलींना मुलांसारखेच शिक्षण आणि सर्व व्यवसाय खुले हवेत अशी मागणी त्यांनी उभे राहून केली. त्याच वर्षी 'बिब्लिओतेका दे ला मुहेर', म्हणजे स्त्रियांसाठीची ग्रंथमाला सुरू केली. आगरकरांच्या पिढीने ज्याची पारायणे केली त्या जॉन स्टुअर्ट मिलचे स्त्रियांच्या दास्यावरचे पुस्तक तिच्यात स्पॅनिशमध्ये आले. जर्मन समाजवादी बेबेलचे स्त्रीविषयक पुस्तकही आले.

कोणी विकत घेतले नाही. म्हणजे अगदीच नाही असे नव्हे, पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्या बायकांनी तरी फारसे घेतले नाही. पुरुषांच्या विरोधाची बाईंना सवय होती. हे मात्र लागले.

आणि मग 1913 मध्ये, अकादमीच्या त्या शेवटच्या नकारानंतर वर्षभराने, त्याच ग्रंथमालेत पाककृतींचे पुस्तक आले: 'ला कोसिना एस्पान्योला आंतिग्वा', जुना स्पॅनिश स्वयंपाक. स्त्रियांच्या हक्कांबद्दल बायकांना वाचायचे नाही ना, मग आता मुरवलेल्या तितरांची कृती घ्या, असा त्यामागचा कडवट विनोद त्यांनी पत्रात कबूल केला आहे. ज्या मालेत मिल छापला, तिच्यातच आता कांदा-लसूण.

पण गंमत अशी की, रागाने हाती घेतलेले काम त्यांनी जीव ओतून केले. स्वयंपाकावर त्यांचे मुळातच प्रेम. गालिसियातले 'पिकादियो' या टोपणनावाचे (अर्थ: खिमा) अगडबंब खवय्ये मानुएल पुगा यांच्या 1905 च्या पाकपुस्तकाला त्यांचीच प्रस्तावना होती. आता त्यांनी जुन्या वह्या धुंडाळल्या, मैत्रिणींकडून कृती मागवल्या, स्वतःच्या घरचे पदार्थ लिहून काढले. गालिसियाच्या कोबी-शेंगांच्या कालवणापासून पाण्यात शिजवलेल्या पिठाच्या गरिबाघरच्या खिरीपर्यंत, शिळ्या पावाच्या चुऱ्याच्या मेंढपाळांच्या न्याहारीपर्यंत सगळे त्यात आहे. राष्ट्राच्या स्वयंपाकातला एखादा पदार्थ जुन्या नाण्याइतकाच, शस्त्राइतकाच, थडग्याइतकाच इतिहासाचा पुरावा आहे, असे त्यांनी प्रस्तावनेत मांडले.

आज हे कोणीही म्हणते. त्या वेळी मात्र माद्रिदच्या बड्या घरांत जेवण म्हणजे फ्रेंच जेवण. 1839 साली उघडलेल्या लार्दी या प्रसिद्ध उपाहारगृहाने शहराला फ्रेंच धर्तीची मेजवानी शिकवली होती आणि मानाच्या पंगतींची मेनूकार्डेही फ्रेंचमध्ये लिहिली जात. खेड्यातल्या चुलीवरचे आपल्याच देशाचे अन्न बड्यांच्या टेबलावर मांडायचे नसते, त्याची आठवण फक्त दाईकडून निघायची. ते अन्न एका काउंटेसने नावगावासह छापून काढले. पुढे नव्या स्वयंपाकावरचे दुसरे पुस्तकही आले.

सगळेच कौतुकाने सांगण्याजोगे नाही. बायकांनी हौसेने पदार्थ जरूर करावा, पण कांदा आणि लसूण मात्र स्वयंपाकिणीकडून चिरून घ्यावा, माणकाच्या अंगठीच्या बोटाला त्याचा वास राहू नये, असा सल्लाही याच पुस्तकात आहे. सिगार वळणाऱ्या मुलीची व्यथा जिने दोन महिने बसून टिपली, तिला स्वतःच्या स्वयंपाकिणीची बोटे आठवली नाहीत का? हे मिस्कीलपणे लिहिले आहे असे म्हणून सोडून देता येईल. मला ते तितकेसे सुटत नाही.

1908 मध्ये राजाने त्यांना स्वतःच्या नावाची काउंटेस ही पदवी दिली होती. 1916 मध्ये सरकारने त्यांना माद्रिदच्या विद्यापीठात साहित्याच्या प्राध्यापक नेमले. हा मान मिळालेल्या त्या तिथल्या पहिल्या स्त्री. प्राध्यापक मंडळींचा विरोध होताच. बाई ठरल्या वेळी वर्गात जात. विद्यार्थी बहुधा नसत. व्यंगचित्रकार त्यांच्या स्थूल देहावर पोट भरत होते. मधुमेहाने तब्येत पोखरली होती. तरीही लिहिणे चालू राहिले, आणि 12 मे 1921 रोजी माद्रिदमध्ये त्या वारल्या.

गालिसियात मेइरास इथे त्यांनी आईबरोबर स्वतः आखून मनोरे असलेली एक गढी बांधली होती. तिच्या एका मनोऱ्यात त्या लिहीत बसत. 1936 च्या यादवी युद्धात त्यांचा मुलगा आणि नातू माद्रिदमध्ये मारले गेले. 1938 मध्ये ती गढी जनरल फ्रँकोला भेट म्हणून गेली आणि त्याचे उन्हाळी निवासस्थान झाली. न्यायालयाच्या निकालानंतर 2020 मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली.

तापासच्या टेबलावर मात्र काउंटेसबाईंचे काम होऊन गेले आहे. मेनूकार्डावर फ्रेंच शब्द शोधावा लागतो. ऑक्टोपस गालिसियाचा म्हणून लिहिलेला असतो, मिरच्यांना त्यांच्या गावाचे, पाद्रोनचे नाव असते. बोलता बोलता बशा रिकाम्या होतात आणि क्रोकेतांच्या बशीत एक उरते. स्पेनमध्ये या शेवटच्या तुकड्याला लाजेचा तुकडा म्हणतात. जो तो दुसऱ्याला आग्रह करतो आणि ती तशीच गार होत राहते. एमिलियाबाई पंगतीला असत्या तर ती एवढा वेळ राहिली नसती.