डाळीतल्या प्रथिनांचा माग काढणाऱ्या कमलाबाई

जळगावच्या डाळ मिलमधून निघणारी तूर, उडीद आणि मुगाची डाळ देशभर जाते. खान्देशातल्या घरांत तिचे फुणके होतात, गंडोरी होते, आणि ज्वारीत उडीद मिसळून दळले की कळण्याची भाकरी होते. या डाळींत नेमके काय असते, त्यातले अंगाला किती लागते आणि कशामुळे लागत नाही, हे प्रयोगशाळेत शोधण्यात एका मराठी बाईंनी आयुष्याची बरीच वर्षे घातली. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत.

जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, अगदी सुरुवातीच्या काळात शिकलेले. त्यामुळे १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमलाने पुढच्या संशोधनासाठी तिथेच अर्ज करावा, हे घरात ठरल्यासारखेच होते. अर्ज नाकारला गेला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार मुलगी होती आणि संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांना संस्थेत मुली नको होत्या.

कमलाने बंगळुरू गाठले आणि प्रवेश घेतल्याशिवाय परत जाणार नाही, असे रामन यांना तोंडावर सांगितले. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करायचे. आणि आपल्या असण्याने प्रयोगशाळेतले वातावरण बिघडू द्यायचे नाही. यातली तिसरी अट सगळ्यांत झोंबणारी होती. मुलांना अशी अट कोणी घातल्याचे ऐकिवात नाही. नोबेल मिळालेल्या माणसाचे विज्ञान मोठे होते म्हणून त्याचा हा निर्णय लहान ठरत नाही. कमलाबाईंनीही हा अपमान पुढे कधी लपवला नाही.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक होते, पण शिकवण्यात हात आखडता घेणारे नव्हते. त्यांच्या हाताखाली दूध आणि डाळी-कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम सुरू झाले. १९३६ मध्ये एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह मिळाली. वर्षभरातच रामन यांचे मत बदलले होते आणि संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली गेली होती.

पुढचा मुक्काम केंब्रिज. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळवणारे फ्रेडरिक हॉपकिन्स यांची ती प्रयोगशाळा. आधी डेरेक रिक्टर आणि ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्याबरोबर कमलाबाईंनी वनस्पतींच्या ऊतींवर काम केले. बटाट्यापासून सुरुवात झाली. या कामातून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे प्रथिन असते, हे त्यांनी दाखवले.

हे इतके महत्त्वाचे का? आपण श्वासातून घेतलेला प्राणवायू पेशीत जातो आणि अन्नातून ऊर्जा बाहेर पडते. त्या साखळीत इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात देणारा एक छोटा हमाल लागतो. सायटोक्रोम-सी हा तो हमाल. माणसात तो १०४ अमिनो आम्लांच्या माळेने बनलेला असतो. प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये तो माहीत झालेला होता. बटाटा, म्हणजे जमिनीत मुकाट पडून राहणारा कंदही त्याच पद्धतीने श्वास घेतो, हे या कामातून पुढे आले. पुढे १९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या सजीवांतील याच प्रथिनाच्या माळा शेजारी ठेवून उत्क्रांतीतले नातेसंबंध मोजले. रेणूंवरून वंशवृक्ष काढण्याची ती सुरुवात होती.

प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा, चौदा महिन्यांत पूर्ण झालेला. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. ब्रिटिश विद्यापीठाकडून विज्ञानातील पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो.

परदेशात राहता आले असते. त्या त्याच वर्षी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सांभाळला, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. १९४७ मध्ये विमागणिततज्ज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाले आणि त्या मुंबईत आल्या. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांचे खरे मोठे काम उभे राहिले.

गरिबाच्या ताटात मांस, अंडी क्वचितच. प्रथिने मिळायची ती डाळी-कडधान्यांतून. पण कच्च्या कडधान्यांत एक अडचण असते. आपल्या स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे विकर आतड्यात प्रथिनांचे तुकडे करते. काही कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच अडवणारे प्रथिन असते. म्हणजे डाळीत प्रथिन आहे, पोटात गेलेही आहे, पण त्यातले बरेचसे न पचता पुढे जाते. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी आंबे यांनी वाल आणि डबल बी यांतून हा अडथळा स्फटिकरूपात वेगळा काढला. १९५५ मध्ये ते काम 'नेचर'मध्ये छापून आले. हे अडवणारे प्रथिन उष्णतेने बरेचसे निकामी होते. कडधान्य भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खायचे ही आपल्याकडची जुनी रीत पोटाच्या सोयीची आहे, ती त्यामुळेच. अर्धकच्चे वाल खाल्ले की पोट का कुरकुरते, याचे उत्तरही काही अंशी इथेच सापडते.

आज प्रोटिओमिक्समध्ये एका नमुन्यातली हजारो प्रथिने यंत्र काही तासांत ओळखते. कमलाबाईंच्या काळी एकेक प्रथिन क्षार, आम्ल आणि थंडी वापरून महिनोन् महिने वेगळे करावे लागे. एक चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हाचे राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. ताडी होण्याआधीच्या ताज्या रसात अ आणि क जीवनसत्त्वे व लोह असते आणि कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या व गर्भवतींच्या आहारात नीरा घातल्यावर त्यांच्या प्रकृतीत फरक पडतो, असे त्यांना दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. सातपुड्याच्या पायथ्याला, धुळे-नंदुरबारच्या पाड्यांत कुपोषणाचा प्रश्न अजून संपलेला नाही, त्यामुळे हे काम केवळ जुन्या फायलीतले वाटत नाही.

संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क होता, तरी ती नेमणूक अंतर्गत राजकारणात चार वर्षे लांबली. बंगळुरूच्या दारात जे झाले, ते मुंबईत वेगळ्या भाषेत झाले, इतकेच. अखेर त्या संचालक झाल्या. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला.

१९६६ मध्ये नऊ महिलांनी मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकसंस्था सुरू केली. कमलाबाई पुढे तिच्या अध्यक्षा झाल्या. वजनमापातली फसवणूक, भेसळ, असुरक्षित वस्तू यांवर त्या तिच्या 'कीमत' या मासिकात लिहीत. केंब्रिजची पीएच.डी. असलेली बाई किराणा सामानातल्या भेसळीवर लिहिते, याचे कोणाला नवल वाटे. त्यांना वाटत नसे. प्रयोगशाळेत शिकलेले जीवरसायनशास्त्र स्वयंपाकघरात लागू पडते, हे त्यांनी वाल भिजवूनच पाहिले होते.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठरवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.