विश्लेषण : उत्तर कधी येणार हे माहीत नसेल तर? ‘कॉलबॅक’मागचे कोडे आणि एड्सगर डाइक्स्ट्रा

मुलगा एसटीने गावाहून पुण्याला निघाला, की आई पोहोचल्यावर फोन करायला बजावते. मग ती फोन हातात धरून बसत नाही, घरची कामे उरकते. फोन आला की हातातले काम बाजूला ठेवून दोन शब्द बोलते आणि पुन्हा कामाला लागते. संगणकाच्या भाषेत हाच ‘कॉलबॅक’. काम सोपवायचे, वाट पाहत थांबायचे नाही, उत्तर आले की काय करायचे ते आधीच सांगून ठेवायचे.

कल्पना सोपी आहे. पण उत्तर नेमके कोणत्या क्षणी येईल, हे कोणालाच ठाऊक नसते. या अनिश्चिततेने ज्यांना घाबरवले आणि ज्यांनी ती तर्काने ताब्यात आणली, ते नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा.

कोण होते डाइक्स्ट्रा?

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅममध्ये झाला. वडील रसायनशास्त्र शिकवायचे, आई गणिती. लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकत असताना १९५१ मध्ये ते केंब्रिजला प्रोग्रामिंगच्या वर्गाला गेले आणि पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रामर म्हणून रुजू झाले. हा पेशा तेव्हा इतका नवा होता, की १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदणीवेळी अधिकाऱ्यांनी ‘प्रोग्रामर’ हा व्यवसाय मान्यच केला नाही. कागदावर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असे लिहावे लागले.

दोन ठिकाणांमधला सर्वात जवळचा रस्ता शोधणारी, त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी पद्धत इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. ती त्यांना १९५६ मध्ये एका कॅफेत बसल्या बसल्या वीसेक मिनिटांत सुचली. आपला आजचा विषय मात्र त्यानंतरच्या कामाचा आहे.

त्यांना धास्ती कशाची वाटली?

संगणकाच्या तुलनेत त्याला जोडलेली टाइपरायटर, टेपवाचक यांसारखी यंत्रे फारच संथ होती. टाइपरायटर एक अक्षर उमटवेपर्यंत संगणकाने थांबून राहायचे म्हणजे महागडा वेळ वाया. ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन हे त्यांचे सहकारी ‘एक्स-१’ या नव्या संगणकाची रचना करत होते. संथ यंत्राचे काम झाले की त्यानेच संगणकाला मध्येच थांबवून कळवावे, म्हणजेच ‘इंटरप्ट’ द्यावा, असे त्यांनी सुचवले. इंटरप्टची कल्पना डाइक्स्ट्रा यांची नव्हे. उलट ती ऐकून ते हादरलेच.

कारण उघड होते. तोवर तोच प्रोग्राम तीच माहिती देऊन चालवला, की तेच घडायचे. चूक झाली तर पुन्हा चालवून ती पकडता यायची. आता इंटरप्ट कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये येणार होता. लाखात एकदा घडणारी चूक पुन्हा घडवून दाखवणार कशी?

मग मार्ग कसा निघाला?

सहकाऱ्यांनी चुचकारल्यावर डाइक्स्ट्रा यांनी आराखडा हाती घेतला. त्यांचा पहिला प्रश्न होता, अर्धवट सोडलेल्या कामाची स्थिती जपून ठेवून नंतर जणू काही घडलेच नाही असे ते काम पुढे नेता येईल, हे सिद्ध होते का? उत्तर नकारार्थी आले. मूळ आराखड्यात ते शक्यच नव्हते. ज्या प्रसंगांत तो फसला असता, ते फार दुर्मीळ होते. चाचणीत ते कदाचित कधीच दिसले नसते. पण तर्काने चूक सापडली आणि सहकाऱ्यांना आराखडा बदलावा लागला. याच कामावर १९५९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

सी भाषेत हे कसे दिसते?

सी भाषा पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडवली. डाइक्स्ट्रा यांचा तिच्याशी थेट संबंध नाही, पण कोडे तेच आहे. सीमध्ये फंक्शनलाही मेमरीत पत्ता असतो. नेटवर्कवरून माहिती मागवताना सहसा दोन पत्ते दिले जातात. एक, उत्तर आल्यावर चालवायच्या फंक्शनचा आणि दुसरा, ही मागणी कोणाची याच्या नोंदीचा. मागवणारे फंक्शन लगेच परतते, कॉलबॅक नंतर चालतो.

नेहमीची चूक इथेच होते. ती नोंद लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवली, तर फंक्शन संपताच तिची जागा दुसऱ्याच्या वापरासाठी मोकळी होते. उत्तर येते तेव्हा त्या पत्त्यावरचे बिऱ्हाड बदललेले असते. चाचणीत जुनी माहिती अजून तिथेच पडून असेल, तर सगळे सुरळीत दिसते. ग्राहकाच्या फोनवर मात्र ॲप कोसळते. म्हणून कॉलबॅक येईपर्यंत टिकेल अशाच जागी नोंद ठेवायची, ती कोण आणि कधी मोकळी करणार हे आधी ठरवायचे आणि कॉलबॅकमध्ये सर्वप्रथम काम फसले की जमले हे तपासायचे.

युनिक्समधले ‘सिग्नल’ तर इंटरप्टच्या आणखी जवळचे. चालू काम मध्येच थांबवून तुम्ही नेमलेले फंक्शन चालते. मुख्य प्रोग्राम ‘मॅलॉक’ने मेमरी मागण्याच्या अर्ध्यात असताना त्या फंक्शननेही मेमरी मागितली, तर सगळा हिशेब विस्कटू शकतो. त्यामुळे तिथे फक्त एक खूण नोंदवून बाहेर पडायचे आणि उरलेले काम नंतर करायचे, हा शहाणपणाचा मार्ग.

पुढे काय झाले?

१९६२ मध्ये डाइक्स्ट्रा आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गेले. एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी ‘सेमाफोर’ ही युक्ती दिली; नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेले. तिथल्या गटाने उभारलेल्या प्रणालीत इंटरप्ट सर्वात खालच्या थरात दडवले होते, वरच्या प्रोग्रामना त्यांची झळ लागत नसे. १९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ पासून १९९९ पर्यंत त्यांनी अमेरिकेत, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकवले. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधल्या न्यूनेन इथे त्यांचे निधन झाले.

आज फोनवरचे प्रत्येक नोटिफिकेशन असेच अवेळी येते आणि हातातले काम सहसा बिघडत नाही. ‘माझ्याकडे तर चालतंय’ एवढ्यावर समाधान न मानणारा कोणीतरी प्रोग्रामर त्यामागे असतो. ती सवय डाइक्स्ट्रा यांनी ‘एक्स-१’पासून लावायला सुरुवात केली.