पहिली सुई स्वतःला!

गेल्या वर्षी माझी ताई परिचारिका म्हणून नोकरीस लागली. रुजू होताच तिला हिपॅटायटिस बीची लस घेण्यास सांगण्यात आले. पहिली मात्रा लगेच, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. रुग्णाची सुई चुकून बोटाला लागली, तर रक्तावाटे हा रोग शिरतो व यकृत पोखरतो. तरीही ताई कचरत होती. ठाणाकुशनूरच्या घरी ही चर्चा चालली असता मला डॉ. वाल्डेमार हाफकिन आठवले.

त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. धर्म सोडला असता तर रशियात मानाची जागा मिळाली असती. पण त्यांनी तो सोडला नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथालयातील साधी नोकरी पत्करली व उरलेल्या वेळात संशोधन केले. १८९२ मध्ये पटकीची लस तयार होताच ती प्रथम स्वतःला टोचली. पुढल्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात दिवसरात्र राबले आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लसही त्यांनी आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकले. पण ते डगमगले नाहीत. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने लस घेणाऱ्या कैद्यांत, न घेणाऱ्यांपेक्षा प्लेग कमी झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना मरण आले. सेवा करणाऱ्यालाच रोग आधी गाठतो, हे केवढे कटू सत्य!

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सारा दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे पुढे उजेडात आले. १९०७ साली ते निर्दोष ठरले. परंतु उमेदीची वर्षे परत कोण देणार? १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना जमाखर्च शिकवतात. हाफकिन यांच्या खात्यात खर्चाची बाजू त्यांची स्वतःची, जमेची मात्र साऱ्या समाजाची!

ताईने तिन्ही मात्रा घेतल्या. आता ती नव्या मुलींना लस घ्यायला स्वतः घेऊन जाते.